पेडण्याच्या किनाऱ्याचे ग्वाल्हेरशी नाते

चंबळच्या प्रदेशातील ग्वाल्हेर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. डोंगरी किल्ल्याचे ते शहर आणि गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे तालुका यांत वरकरणी काहीच साम्य नाही. तरीही तेरेखोलपासून मोरजीपर्यंतचा हा किनारा आज गोव्यात का आहे, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर एक धागा ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यापर्यंत जातो.

सोयरीक आणि तिचे परिणाम

अठराव्या शतकात पेडणे महालावर सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. तिसरे खेम सावंत यांनी १७५५ ते १८०३ असा दीर्घकाळ राज्य केले. १७६३ मध्ये त्यांचा विवाह जयाप्पा शिंदे यांची कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. शिंद्यांची राजधानी तेव्हा उज्जैन होती. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली 'लष्कर' वसले ते पुढे दौलतराव शिंद्यांच्या काळात. या सोयरिकीमुळे खेम सावंतांना दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला. कोल्हापूरकरांना हा मान रुचला नाही. त्यांनी वाडी संस्थानावर स्वारी करून काही डोंगरी किल्ले घेतले. शिंद्यांच्या वजनामुळे ते परत मिळाले खरे. परंतु वैर शमले नाही. कोल्हापूरकरांशी चाललेल्या या झगड्यात खेम सावंतांना पोर्तुगिजांच्या मदतीची गरज भासली आणि तिच्या मोबदल्यात १७८८ मध्ये पेडणे महाल रीतसर पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधीच त्यांच्या हाती आले होते. गोव्याच्या इतिहासात ज्यांना आपण 'नव्या काबिजादी' म्हणतो, त्यांत पेडण्याची भर पडली ती अशी.

केरीचे जिवबादादा

हे नाते एकतर्फी नव्हते. महादजी शिंदे यांचे विश्वासू सेनानी जिवबादादा केरकर हे याच तालुक्यातील केरीचे. शिंद्यांच्या फौजेचे बक्षीपद त्यांनी सांभाळले आणि उत्तर हिंदुस्थानातील मोहिमांत नाव कमावले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत, महादजींच्या निधनानंतर, शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कोकण-गोव्याकडील अनेक सारस्वत घराणी त्या काळात शिंद्यांच्या दरबारी होती. नदीमुखाजवळच्या एका लहानशा गावातून निघालेला माणूस उत्तरेच्या राजकारणात एवढा मोठा होतो, ही गोष्ट केरीच्या सुरूच्या बनात विसावणाऱ्या पर्यटकाला क्वचितच ठाऊक असते.

तेरेखोलचा किल्ला

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल लागते. नदीच्या उत्तरेला असूनही हा चिमुकला भाग गोव्याचा आहे, कारण सावंतांनी बांधलेला येथील किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्येच जिंकला होता. आत संत अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकावला, म्हणून मुक्तिलढ्याच्या इतिहासातही या किल्ल्याला मानाचे स्थान आहे. उत्तरेकडे थोड्याच अंतरावर, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, रेडीचा यशवंतगड आहे. तोही सावंतांचाच. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो काही काळ घेऊन त्याला आपल्याकडचे नावही दिले होते. सावंत, पोर्तुगीज आणि इंग्रज या तिन्ही सत्तांना हा किनारा हवा होता, हे या दोन किल्ल्यांवरून सहज ध्यानात येते.

वाळू, तळे आणि कासवे

निसर्गानेही येथे हात आखडता घेतलेला नाही. हरमलहून उत्तरेला खडकाळ पायवाटेने गेल्यास समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे लागते. मांद्रे, आश्वे आणि मोरजी येथील वाळूच्या टेकड्या मर्यादवेलीसारख्या वनस्पतींनी धरून ठेवल्या आहेत. भरतीच्या माऱ्यापासून मागच्या वस्तीचे रक्षण त्याच करतात. मोरजी आणि मांद्रे येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरच्या झगमगाटाने त्यांची वाट चुकते, ती याच कारणाने.

मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडणे हे गोव्याचे नवे प्रवेशद्वार ठरले आहे. त्यामुळे जमिनीला भाव आला आणि किनाऱ्यावरचा भारही वाढला. वाळूची टेकडी एकदा सपाट केली की ती पुन्हा उभी राहायला पिढ्या लागतात. गावाची आठवणही अशीच, कोणी सांगेनासे झाले की पुसली जाते. म्हणून शाळांच्या सहली दूरदेशी नेण्याआधी एक दिवस या वाटेसाठी ठेवावा. सकाळी तेरेखोलचा किल्ला पाहावा, दुपारी केरीत जिवबादादांची गोष्ट सांगावी आणि सायंकाळी मोरजीत कासवांच्या घरट्यांभोवतीचे कुंपण मुलांना दुरून दाखवावे. आपला तालुका गोव्यात कसा आला आणि तो कशाच्या आधारावर टिकून आहे, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहता येईल.