स्वस्त मोटारसायकल : लाभ व हानि

शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं ज्या मोटारसायकली उभ्या असतात, त्यांतील पुष्कळ शंभर सीसीच्या आसपासच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त वर्गांतील असतात. अशी गाडी घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं निघत असेल. म्हणून तिचे गुणदोष येथें सांगण्याचें योजिलें आहे.

तिचा मुख्य गुण काटकसर. हा गुण तिच्या अंगीं कसा आला, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी भारतांत निघाली. तोंवर प्रचारांत असलेल्या लहान दुचाक्या बहुधा टू-स्ट्रोक एंजिनाच्या असत. त्यांच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, आणि त्या मिश्रणाचा कांहीं अंश न जळतांच धुराच्या वाटेनें निघून जाई. सीडी १०० चें एंजिन फोर-स्ट्रोक होतें. पिस्टनच्या पहिल्या धावेंत हवा व पेट्रोल आंत येतें, दुसऱ्या धावेंत दाबलें जातें, तिसऱ्या धावेंत जळून पिस्टनला ढकलतें आणि चवथ्या धावेंत धूर बाहेर पडतो. आंत येणें व बाहेर जाणें हीं कामें निराळीं झाल्यामुळें इंधन फुकट जात नाहीं. आजही या जातीची गाडी नीट राखल्यास लिटरला ६० किलोमीटरांच्या आसपास जाते. ज्यांस कामावर जाण्यायेण्यांत रोज ३० किलोमीटर पडतात, त्यांस एक लिटर दोन दिवस पुरतें. शिवाय तिचे सुटे भाग तालुक्याच्या गांवींही मिळतात. २०२० पासून मात्र बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारें विद्युत्-यंत्र आलें आहे. तें बिघडल्यास झाडाखालच्या मिस्त्रीचा पान्हा पुरा पडत नाहीं.

परंतु ज्या हलकेपणामुळें पेट्रोल वाचतें, त्यांतच तिचा दोष आहे. वजन सुमारें ११० किलो व शक्ति सुमारें आठ अश्वांची. दोन मोठीं माणसें बसलीं, कीं भार गाडीहून अधिक होतो. घाटांत ती रेंगाळते व उतारावर लवकर थांबत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकामागें एकाच माणसास बसतां येतें. तरी टांकीवर धाकटें, मध्यें थोरलें व मागें आई, आणि हेल्मेट एकट्या वडिलांच्या डोक्यावर, असें दृश्य आम्हीं याच फाटकापाशीं कितीदां तरी पाहिलें आहे! २०१९ पासून नव्या गाड्यांत एक ब्रेक दाबला असतां दोन्ही चाकांस लागेल अशी योजना सक्तीची झाली. पण पहिल्या पावसांतील निसरड्या रस्त्यावर चाक घसरण्याचें भय तिनें जात नाहीं.

मुलगा उंचीनें बापाएवढा झाला, कीं त्याच्या हातीं किल्ली देण्याचा मोह होतो. गिअरच्या गाडीस १८ वर्षें पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी चालकाच्या पालकांस २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आमच्या दहावीच्या मित्रांस हें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

एवंच, एकट्या कमावत्या माणसास ही गाडी उत्तम. चौघांच्या घरास मात्र सणावारीं गांवीं जातांना एस्टीचीं तिकिटें काढावींच लागतात. गाडी घेण्यापूर्वीं हिशेब मांडतांना तो खर्चही त्यांत धरावा.