‘ब्रेक ऑइल’ हे तेल नव्हे

मराठी बोलण्यात ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो द्रव मुळात तेल नाही, आणि घरच्या घरी ब्रेकची देखभाल करू पाहणाऱ्यांच्या पुष्कळशा चुका या एका नावातून उगवतात. आजच्या बहुतेक सर्व मोटारींत हा द्रव ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांपासून बनवलेला असतो. तेल पाण्यापासून दूर राहते, तर हा द्रव पाण्यात मिसळतो आणि हवेतील बाष्प स्वतःकडे ओढून घेतो. वंगण पुरवणे हे त्याचे प्रमुख काम नसून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवणे हे आहे. चालकाने पेडल दाबले की बॉनेटखालील मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला पुढे रेटतो, आणि द्रव दाबला तरी जवळजवळ आक्रसत नसल्यामुळे तो दाब नळ्यांतून थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागापर्यंत जातो. या साखळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल मऊ लागते.

नावामुळे होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे टाकीतील पातळी कमी दिसताच इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचे तेल ओतणे. ब्रेकमधील रबरी सील ग्लायकॉलमध्ये टिकतील अशा रबराचे असतात. खनिज तेल लागताच ते फुगतात व मऊ पडतात, आणि मग नुसते द्रव बदलून भागत नाही, तर तेल जिथवर पोहोचले असेल तिथवरचे सर्व रबरी भाग बदलावे लागतात. याच कारणाने ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल वा रॉकेलने धुण्याची सवयही सोडली पाहिजे.

पातळी उतरली म्हणजे द्रव ‘संपला’, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे दट्टे बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा टाकीतील द्रव भरून काढतो. म्हणून हळूहळू उतरलेली पातळी बहुधा पॅडची झीज दाखवते. अशा वेळी टाकी काठोकाठ भरली तर नवे पॅड बसवताना दट्टे मागे ढकलताच द्रव बाहेर सांडतो आणि गाडीचा रंग सोलतो. पातळी एकाएकी उतरली तर मात्र गळती शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

या सर्वांपेक्षा अधिक विस्ताराने पाहावा असा समज म्हणजे ब्रेकची रचना बंदिस्त असल्यामुळे आतला द्रव कधी जुना होत नाही. टाकीच्या झाकणातील श्वासमार्गातून आणि चाकाजवळच्या रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही बाष्प आत झिरपत राहते. पाणी मिसळले की उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो, आणि म्हणूनच अमेरिकी परिवहन खात्याच्या ‘डॉट’ या मानकांत प्रत्येक प्रकारासाठी दोन किमान आकडे दिलेले असतात: एक कोऱ्या द्रवाचा आणि दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या द्रवाचा. डॉट ३ साठी ते २०५ व १४० अंश सेल्सिअस, तर डॉट ४ साठी २३० व १५५ अंश आहेत. हा फरक शहरातील रहदारीत सहसा जाणवत नाही. तो घाटात कळतो. लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. प्रवाशांसह १३०० किलो वजनाच्या गाडीची या उतारातील ऊर्जा सुमारे ७० लाख ज्यूल भरते, म्हणजे वीस लीटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी. त्यातील काही वाटा हवेचा विरोध उचलतो, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर बराचसा इंजिन उचलते. पण चालक न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ही उष्णता मुख्यतः डिस्क आणि पॅडमध्ये साठते व तिथून कॅलिपरमधील द्रवाकडे जाते.

येथे दोन वेगळ्या बिघाडांची गल्लत होते. पॅड अतितप्त झाले तर पेडल कडकच राहते पण गाडी थांबत नाही. द्रव उकळला तर पेडल विरोध न करता तळाशी जाते. दुसऱ्या प्रकारात गाडी थोडा वेळ थांबवली की वाफ पुन्हा द्रवात रूपांतरित होते, पेडल पूर्ववत लागते, आणि ‘ब्रेक आपोआप सुधारला’ असे समजून तोच द्रव वर्षानुवर्षे राहू दिला जातो. बहुतेक उत्पादक दोन ते तीन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगतात, तो किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी, कारण उभ्या गाडीतही बाष्प शिरतच असते. द्रव काळा पडेपर्यंत थांबणे योग्य नाही, कारण रंगावरून पाण्याचे प्रमाण कळत नाही.

हवा काढणे आणि द्रव बदलणे ही एकच गोष्ट मानली जाते, तीही बरोबर नाही. हवा काढताना निपलमधून, म्हणजे कॅलिपरच्या माथ्यावरील लहान पोकळ स्क्रूमधून, बुडबुडे थांबेपर्यंतच द्रव बाहेर काढतात. द्रव बदलताना आधी टाकीतील जुना द्रव शोषून घेऊन नवा भरतात आणि प्रत्येक चाकाशी स्वच्छ द्रव येईपर्यंत काम चालू ठेवतात, ज्याला लहान गाडीत साधारण अर्धा ते एक लीटर द्रव लागतो. पद्धत सोपी, पण शिस्तीची आहे: गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी, निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे, एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळावा, आणि आवळल्याची खूण मिळाल्यावरच पेडल सोडावे, अन्यथा सुटणारे पेडल निपलमधून हवाच आत ओढते. पेडल थेट तळापर्यंत दाबण्याची सवयही जुन्या गाडीत महागात पडते, कारण सिलिंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज साचलेला असतो आणि त्यावरून सील घासले जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते.

चाकांच्या क्रमाबाबत ‘मागचे उजवे चाक आधी’ हा परदेशी पुस्तकांतील नियम जसाच्या तसा उचलला जातो. तो डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाड्यांचा आहे. भारतीय गाडीत मास्टर सिलिंडर सहसा उजवीकडे असल्याने सर्वांत दूरचे चाक मागचे डावे ठरते. पण दूरच्या चाकापासून सुरुवात हाही सार्वत्रिक नियम नव्हे. अनेक गाड्यांत एका पुढच्या चाकाची जोडी तिरकस समोरच्या मागच्या चाकाशी असते आणि उत्पादक वेगळा क्रम देतो, तेव्हा त्या गाडीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

एबीएस असलेल्या गाडीला घरी हात लावू नये, हा समज अर्धा खरा आहे. टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही तर बहुतेक गाड्यांत वरील पद्धतीनेच द्रव बदलता येतो. परंतु टाकी कोरडी पडून एबीएसच्या झडपांत हवा गेली तर त्या झडपा उघडण्यासाठी स्कॅनर लागू शकतो, आणि मग गॅरेज गाठण्याला पर्याय उरत नाही. मोठा आकडा म्हणजे चांगला द्रव, हेही खरे नाही: डॉट ५ सिलिकोनचा असून ग्लायकॉलच्या द्रवात मिसळू नये, तर डॉट ५.१ ग्लायकॉलचाच आहे. झाकणावर लिहिलेला प्रकार सीलबंद बाटलीतूनच भरावा. वर्षभर उघडी पडलेली बाटली आणि निपलमधून निघालेला द्रव, दोन्ही पुन्हा वापरण्याजोगे नसतात.

काम संपल्यावर इंजिन बंद असताना पेडल कडक लागते आणि इंजिन चालू करताच ते किंचित खाली जाते, तेव्हा हवा राहिली असे समजून अनेक जण पुन्हा निपल सैल करतात. ही हालचाल ब्रेकला जोड देणाऱ्या बूस्टरची असते आणि ती सामान्य आहे. पाय स्थिर दाबून ठेवला असताना पेडल सावकाश उतरतच राहिले तरच मास्टर सिलिंडरचे सील किंवा गळती यांचा शोध घ्यावा, आणि तोवर गाडी जागेवरून हलवू नये.