आधी काय, मग काय? ऑर्डरच्या कामाची साखळी

ताईंनो, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर मिळाली की गटात आनंद होतो. ॲडव्हान्स घेतो, कामं वाटून घेतो. आणि शेवटचे दोन दिवस? मध्यरात्रीपर्यंत कढई, एकमेकींवर चिडचिड, तरी माल उशिराच. आपल्याला वाटतं, हात कमी पडले. पण खूपदा चूक वेगळीच असते. कोणतं काम कोणत्या कामासाठी अडून राहतं, हे आपण आधी बघितलेलंच नसतं.

अनारशाचंच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग उपसून सावलीत कापडावर पसरायचा, ओलसर असतानाच दळायचा, चाळून गूळ मिसळायचा. ते पीठ चार-पाच दिवस मुरल्यावरच तळणी. वीस जणी मदतीला आल्या तरी तीन दिवसांचे दोन होत नाहीत!

म्हणून तारखा उलट्या मोजा. समजा, माल २० तारखेला द्यायचा आहे.

• २० – माल पोहोच
• १९ – हातचा एक दिवस
• १८ – पॅकिंग
• १६ व १७ – अनारसे तळणे
• ११ – तांदूळ दळून गूळ मिसळणे
• ८ – तांदूळ भिजत घालणे

म्हणजे ८ तारीख चुकली की २० तारीखही धोक्यात येते. सगळ्यात लांब साखळी कोणती, ते शोधा आणि तिथून सुरुवात करा.

चकलीची साखळी छोटी. डाळ-तांदूळ धुऊन वाळवणे, भाजणे, गार करणे, गिरणी, मग तळणी. हे काम पीठ मुरत असताना होतं. पण शेगडी एकच असेल तर चकली १५ पर्यंत उरका, नाहीतर दोन्ही तळण्या एकाच दिवशी येतील. आणि चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. आत वाफ धरते आणि चकली मऊ पडते.

लेबल मात्र कशासाठीच थांबत नाही, तरी आपण ते शेवटी ठेवतो. एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर चालू आहे ना, हे ऑर्डर घेतल्या दिवशीच बघा आणि लेबल छापायला टाका. उत्पादनाच्या तारखेचा शिक्का नंतर मारता येतो.

पुढच्या मीटिंगमध्ये एक मोठा कागद घ्या. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: हे सुरू करायला आधी काय तयार हवं? किती वेळ लागेल? कोण करणार? एखादीचं काम अडलं, तर पुढच्या ताईला त्याच दिवशी कळवायचं, हेही ठरवून टाका.

आणि दिवाळीला सहाच दिवस असताना कुणी अनारसे मागितले, तर स्पष्ट सांगा, "अनारसे जमणार नाहीत, शंकरपाळी देतो." नाही म्हणायला लाजू नका. एक ऑर्डर गेली तर चालेल, पण शब्द मोडला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. आणि याच पैशांतून आपल्याला कर्जाचा हप्ता भरायचा असतो.