पीएफचे बारा हजार कुठे गेले?

मार्च म्हणजे गटाच्या वह्या पुऱ्या करायची घाई. मागच्या बैठकीत एका ताईने वहीसोबत बँकेचं पासबुकही पुढं केलं. म्हणाली, "पीएफचे 60 हजार होते, हातात 48 हजारच आले. बाकीचे कुणी खाल्ले?"

खाल्ले कुणीच नव्हते. ते सरकारजमा झाले होते, तिच्याच नावावर, कर म्हणून.

ताई साडेतीन वर्षं पॅकिंगच्या कामाला होती, पगार 8 हजार. काम सोडलं आणि पीएफ खातं बंद करून पैसे मागितले. नोकरीची 5 वर्षं पुरी व्हायच्या आत 50 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढली, तर देण्याआधीच कर कापतात. त्यालाच टीडीएस म्हणतात. पॅन जोडलेलं असेल तर 10 टक्के, म्हणजे 6 हजार गेले असते. नसेल तर 20 टक्के. ताईकडे पॅन होतं, पण त्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दोन्ही जुळेनात, म्हणून पॅन पीएफ खात्याला जोडलंच गेलं नाही. लग्नानंतर नाव बदलायची आपली रीत अशी महागात पडते!

खरी गोष्ट पुढंच आहे. ताईची वर्षाची कमाई लाखाच्याही आत. पीएफचे पैसे धरले तरी एक रुपयाही कर बसत नाही. अशा वेळी पैसे मागतानाच कर कापू नका असा फॉर्म भरायचा; 2025 मध्ये तो 15जी नावाचा होता. साठी ओलांडलेल्या बाईसाठी 15एच. "माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही" असं त्यात आपण लिहून देतो. खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, म्हणून आपली स्वतःची सगळी व्याजं-मजुरी मोजून मगच सही करा. आणि पॅन नसेल तर हा फॉर्म चालत नाही.

दुसरी नोकरी लागली असेल तर पैसे काढूच नका, नव्या खात्यात वळवा. कर कापत नाहीत, शिवाय आधीची वर्षं पुढच्या 5 वर्षांत धरली जातात. कारखानाच बंद पडला, किंवा आजारपणाने काम सुटलं, तर 5 वर्षं झाली नसली तरी ही रक्कम करमुक्त असते. मात्र मालकाने काम सुटल्याचं कारण काय नोंदवलंय ते बघून घ्या.

आता ताईचे 12 हजार. ते परत मिळतात, पण आपोआप नाही. आयकराचं विवरणपत्र भरावं लागतं. उत्पन्न कमी म्हणून ते भरायची सक्ती नसली, तरी परतावा हवा तर भरायचंच. पैसे ज्या तारखेला दिले, त्या वर्षात ते धरतात. ताईला फेब्रुवारी 2025 मध्ये मिळाले, म्हणजे 31 मार्च 2025 ला संपणाऱ्या वर्षाचं विवरणपत्र. एप्रिलमध्ये मिळाले असते तर पुढच्या वर्षाचं.

पण तिचं पॅन तर जोडलेलं नव्हतं. मग कापलेला कर तिच्या नावावर दिसणार कसा? म्हणून आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून ते आधारला जोडायचं, आणि कर पॅनवर चढवून द्या असा अर्ज पीएफ कार्यालयात द्यायचा. तो 26एएस या उताऱ्यात दिसला, की मगच विवरणपत्र. ताई सोमवारी पॅनच्या दुरुस्तीला तालुक्याला जातेय. गटातल्या आणखी दोघी तिच्यासोबत निघाल्यात.