डॅशबोर्डवरचा अंधार

श्रोतेहो, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून सळया भरलेले ट्रक रात्री ज्या रस्त्यांनी जातात, त्याच रस्त्यांनी आपल्या मोटारीही जातात. अशा वेळी डॅशबोर्डचे दिवे गेले, तर ‘आकडे दिसले नाहीत म्हणून काय बिघडते?’ असे पुष्कळजण म्हणतात. परंतु अनेक गाड्यांत, विशेषतः जुन्या, हे दिवे आणि मागचे तांबडे दिवे एकाच फ्यूजवर असतात. समोर अंधार झाला, तर पाठीमागेही झालेला असू शकतो.

म्हणून गाडी बाजूला घ्यावी आणि दिवे चालू ठेवून मागे जाऊन पाहावे. तिकडेही अंधार असेल, तर फ्यूज तपासावा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार किंवा मोठा फ्यूज घातल्यास वायरिंग पेटते. नवाही उडाला, तर कोठेतरी वायरचे आवरण घासून तांबे पत्र्याला लागले आहे असे समजावे. मागचे दिवे लागत असतील, तर प्रकाश कमीजास्त करण्याचे बटण फिरवून पाहावे, मग अर्थिंगची जोडणी. एकच कोपरा अंधारा असेल, तर बहुधा बल्ब गेलेला असतो. पॅनेल उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. तरी ‘एवढी खेप मार, उद्या बघू’ असे सांगणारे मालक आहेत. अशी खेप नाकारणाऱ्या चालकाला कामचुकार म्हणू नका. मागून येणाऱ्याचीही घरी कोणीतरी वाट पाहत असते.