पीएचडीची तयारी करताय? मग 'सीरियस मेन' वाचा



मागच्या लेखात आपण रिसर्च प्रपोजल कसं लिहायचं ते पाहिलं. आज जरा वेगळा विषय आहे, एका कादंबरीचा. "नेटचा अभ्यास सोडून कादंबरी कुठे वाचत बसू?" असं तुमच्या मनात येईल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय संशोधनाचाच आहे.

मे महिन्यात मी घरी, सुरगाण्याला गेले होते. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघावी लागते. अशाच एका दुपारी लाईट गेलेली, मी ओट्यावर बसून मनु जोसेफ यांची 'सीरियस मेन' वाचत होते. मध्येच मला जोरात हसू आलं. आईने विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "अगं, यात एक पीए आहे. तो संस्थेतल्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहितो. वाक्य स्वतःच्या मनाचं आणि खाली नाव कुठल्यातरी मोठ्या माणसाचं. एवढे शास्त्रज्ञ येता-जाता वाचतात, पण एकजणही विचारत नाही की हे तो माणूस खरंच म्हणाला होता का."

आई म्हणाली, "मग शहाणा कोण म्हणायचा? लिहिणारा की वाचणारे?"

माझ्या मते अख्खी कादंबरी या एका प्रश्नात आहे.

आधी थोडी ओळख

'सीरियस मेन' ही मनु जोसेफ यांची पहिली कादंबरी. मूळ इंग्रजीत, 2010 साली आली. त्याच वर्षी तिला 'द हिंदू'चा पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये सुधीर मिश्रा यांनी तिच्यावर सिनेमा केला, त्यात नवाजुद्दीन सिद्दिकी आहे. सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक वाचा, कारण शास्त्रज्ञांच्या जगाची खरी गंमत पुस्तकातच आहे. (पुढे कथानक थोडं उघड होणार आहे. आधी पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

अय्यन मणी हा वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत राहणारा दलित माणूस. मुंबईतल्या एका काल्पनिक मूलभूत संशोधन संस्थेत तो अरविंद आचार्य या बड्या, ब्राह्मण खगोलशास्त्रज्ञाचा पीए आहे. साहेबांची पत्रं, फोन, भेटीगाठी सगळं त्याच्या हातून जातं. त्यामुळे त्याला सगळं कळतं, पण त्याला काही कळत असेल असं कुणालाच वाटत नाही. आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला, आदीला, तो मोठमोठी शास्त्रीय वाक्यं पाठ करायला लावतो आणि पोरगं जीनियस आहे अशी हवा करतो. शाळा मानते, पेपरवाले मानतात. शेवटी प्रकरण त्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेपर्यंत जातं आणि तिथे पेपर कसा हाती लागतो ते तुम्हीच वाचा. हे अतिशयोक्त वाटत असेल तर आठवा: जून 2024 मध्ये आपली यूजीसी-नेट 18 तारखेला झाली आणि 19 तारखेला रद्द झाली.

हिला डिस्टोपिया का म्हणायचं?

डिस्टोपिया म्हटलं की आपल्याला भविष्यातलं एखादं भयाण राज्य आठवतं, कॅमेरे, पोलीस, भिंती. इथे तसं काही नाही. आजचीच मुंबई आहे, समुद्राकाठची हिरवळ आहे. पण या संस्थेत एखादी गोष्ट खरी की खोटी हे ती *कोण म्हणालं* त्यावर ठरतं. *कशी तपासली* हे कुणी विचारत नाही. फळ्यावरचं वाक्य खरं, कारण खाली मोठं नाव आहे. आदी हुशार, कारण पेपरात छापून आलं. मला ही जागा कुठल्याही हुकूमशाही राज्याइतकीच भीतीदायक वाटली, कारण उद्या तुम्ही-आम्ही तिथेच काम करणार आहोत.

आता आचार्यांकडे या. बिग बँग सिद्धांत त्यांना मान्य नाही. परग्रहावरचे सूक्ष्मजीव वरून सतत पृथ्वीवर पडत असतात असं त्यांना वाटतं. ते सिद्ध करायला ते फुग्यातून वरच्या वातावरणात उपकरणं पाठवतात आणि तिथली हवा गोळा करतात. पुढे त्यांची सहकारी ओपर्णा सांगते की तिने आचार्यांच्याच सांगण्यावरून नमुना दूषित केला होता. एका वाक्यात आचार्य संपतात. लक्षात घ्या, त्यांना डोक्यावर घेताना कुणी नमुना तपासला नव्हता आणि खाली पाडतानाही कुणी तपासत नाही. दोन्ही वेळा फक्त शब्दावर काम भागतं.

असा प्रयोग खरंच झालाय

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे हा भाग वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण असाच एक प्रयोग आपल्या देशात खरंच झाला आहे आणि तो कसा झाला हे तुम्हाला माहीत असायला हवं.

20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून, टीआयएफआरच्या फुगे-केंद्रातून, एक भलामोठा फुगा सोडला गेला. इस्रोचा प्रकल्प होता आणि प्रमुख संशोधक होते पुण्याच्या आयुकाचे डॉ. जयंत नारळीकर. (कादंबरीतल्या आचार्यांचं आणि नारळीकरांचं नातं जोडू नका. साम्य प्रयोगाच्या कल्पनेपुरतं आहे.) फुग्याखाली 459 किलोची उपकरणं होती. त्यात स्टेनलेस स्टीलच्या 16 नळ्या, आतून निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या. त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. निऑन इतका थंड असतो की नळीचं तोंड उघडलं की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरचे नमुने घेऊन नळ्या पॅराशूटने खाली उतरवल्या.

पुढचा भाग महत्त्वाचा. नमुने एकाच लॅबने तपासले नाहीत. हैदराबादचं सीसीएमबी आणि पुण्याचं एनसीसीएस, दोघांनी स्वतंत्रपणे तपासले, मात्र पद्धत सारखी ठेवली. मिळून जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. त्यातल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या प्रजातींशी 98 टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन जिवाणू मात्र नवीन प्रजाती निघाले. एकाला फ्रेड हॉईल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयलाय, बाकी दोघांना बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट अशी नावं दिली. तिघेही आपल्या जवळच्या नातलग प्रजातींपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे होते.

मार्च 2009 मध्ये इस्रोने हे जाहीर केलं तेव्हा "परग्रहावरचे जीव सापडले" असं म्हटलं नाही. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे न्यायला उत्तेजन मिळतं, एवढंच म्हटलं. एवढा मोठा फुगा, एवढी वर्षं आणि निष्कर्ष एवढासा! मला विचाराल तर या एवढ्याशा निष्कर्षातच त्या प्रयोगाची ताकद आहे.

माझी एक प्लेट

दुसऱ्या वर्षी माझ्या एका प्रयोगात निगेटिव्ह कंट्रोलच्या प्लेटवर दोन वसाहती उगवल्या. निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे जिच्यात आपण नमुना घालतच नाही अशी प्लेट. ती कोरी राहायला हवी. तिच्यावर काही उगवलं तर त्याचा अर्थ बाहेरचं काहीतरी आत शिरलंय आणि मग बाकीच्या प्लेट्सवरही भरवसा ठेवता येत नाही. माझं तीन महिन्यांचं काम त्या दोन ठिपक्यांवर अडलं होतं. प्रगती अहवाल आठ दिवसांवर आलेला. लॅबमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. प्लेट डब्यात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं.

खरं सांगते, पाच मिनिटं मी ती प्लेट हातात धरून उभी होते. डोक्यात एकच विचार: आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, मुलाखतीत "सुरगाणा कुठे आलं?" असं विचारलेलं, आणि आता हे दाखवलं तर म्हणतील, हिला जमत नाही. अय्यन मणी मला इतका जवळचा का वाटला ते इथे कळतं. ज्याला आत येतानाच शंकेने बघतात, त्याला चूक दाखवणं महाग पडतं. मोठ्या नावाच्या माणसाची चूक खपून जाते. हा अन्याय खरा आहे आणि कादंबरी तो हसत हसत, पण नेमका दाखवते.

शेवटी मी वहीत लिहिलं: कंट्रोलवर दोन वसाहती, तारीख, वेळ. प्रयोग पुन्हा केला. दोष माध्यमाच्या एका बाटलीत निघाला. अहवाल उशिरा गेला, बोलणी खाल्ली. पण ती नोंद होती म्हणून आज माझ्या बाकीच्या आकड्यांबद्दल मी कुणालाही उत्तर देऊ शकते.

तक्रार आणि शिफारस

कादंबरीत मला खटकलेलंही आहे. ओपर्णा ही एवढी कर्तबगार शास्त्रज्ञ, पण तिची कथा प्रेमभंग आणि सूड यातच संपवली आहे. आणि चाळीतून वर येण्याचा मार्ग जणू लबाडीचाच, असं वाटायला लावणारी पानंही आहेत. आदीला पाठांतराऐवजी कुणी खरंच गणित शिकवलं असतं तर? हा प्रश्न लेखकाने सोडून दिलाय.

तरी वाचा. आणि वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या प्रपोजलमधलं तुम्हाला सगळ्यात आवडणारं वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा: हे मी मोठ्या नावावर विश्वास ठेवून लिहिलंय की मूळ पेपर उघडून पाहिलाय? माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते मला कोणत्या प्लेटवर दिसेल? उत्तर येत नसेल तर वाक्य खोडू नका, पण त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढचे काही महिने तिथेच काम करायचं आहे.

आईला मी संध्याकाळी नागलीची भाकर खाताना ही फुग्याची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग ते जीव वरूनच आलेले का?"

मी म्हटलं, "अजून माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, "निदान खरं तरी सांगितलं."