परदेशांतील पदवी आणि कामाचा परवाना

आमच्या मोहोळांत परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघर पुढील शिक्षणाच्या गोष्टी निघतात. पूर्वीं त्या सोलापूर, फार तर पुणें-मुंबई येथपर्यंत जात. आतां त्या कॅनडा, इंग्लंड, अमेरिका येथवर पोंचूं लागल्या आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु पालकांशीं बोलतांना एक समजूत वारंवार आमच्या दृष्टीस पडते. ती ही कीं, मुलास तिकडची पदवी मिळाली म्हणजे तिकडे नोकरी करण्याचा हक्कहि आपोआप मिळाला. ही समजूत चुकीची आहे. आणि तिच्या भरंवशावर जमीन तारण ठेवणाऱ्या कुटुंबास ती फार महाग पडूं शकते. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परदेशीं जाऊन शिकणें आम्हां मराठी लोकांस नवें नाहीं, आणि मुदतीची अडचणहि नवी नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिक्षणानंतर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची, असा करार त्यांनीं लिहून दिला होता. पुढें ते लंडनला अभ्यास करीत असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. १९२० सालीं पुन्हां लंडनला जाऊन त्यांनीं तो पुरा केला. त्या काळीं मुदत घातली ती पैसा देणाऱ्यानें. आजच्या विद्यार्थ्यास मुदत घालतें तें बहुधा शिकविणाऱ्या देशाचें सरकार. एवढाच काय तो फरक.

आतां हा परवाना म्हणजे काय तें पाहूं. विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा मुख्यतः शिकण्यापुरता असतो. पदवी देतें विद्यापीठ. पदवीनंतर काम करण्याची परवानगी देतें सरकारी खातें. तिच्यासाठीं निराळा अर्ज, निराळें शुल्क आणि निराळी मुदत असते. प्रत्येक देशाचा नियमहि निराळा.

कॅनडांत या परवान्यास पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट म्हणतात. अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा असावा लागतो, आणि परवाना जास्तींत जास्त तीन वर्षांचा मिळतो. तो जन्मांत एकदांच मिळतो. अभ्यास पुरा झाल्याचें पत्र हातीं आल्यापासून १८० दिवसांच्या आंत अर्ज करावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली आहे. शिवाय प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक अभ्यासक्रम या परवान्यास पात्र नसतो. ही गोष्ट प्रवेशापूर्वींच तपासावी.

इंग्लंडची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथें शिक्षणानंतर काम करण्याची जी सवलत होती ती २०१२ सालीं बंद झाली. पुढें १ जुलै २०२१ पासून ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला. तो दोन वर्षांचा, आणि पीएच. डी. झालेल्यांस तीन वर्षांचा. मात्र १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांस दोन वर्षांऐवजीं अठराच महिने मिळावयाचे आहेत; पीएच. डी. वाल्यांची तीन वर्षें कायम आहेत. विद्यार्थी व्हिसा संपण्यापूर्वीं, त्या देशांत असतांनाच अर्ज करावा लागतो. घरीं येऊन करूं म्हटलें तर चालत नाहीं.

अमेरिकेंत ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग या नांवाखालीं बारा महिने काम करतां येतें. काम शिकलेल्या विषयाशीं संबंधित असलें पाहिजे, आणि त्या वर्षांत एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहतां येत नाहीं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांस आणखी २४ महिने मिळूं शकतात. पुढें राहण्यासाठीं बहुतेकांस एच-१बी व्हिसाची वाट धरावी लागते. त्याची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ८५,००० असून मागणारे त्याहून पुष्कळ असतात. म्हणजे योग्यता असूनहि निवड होईलच असें नाहीं.

आमच्या तालुक्यांतील शेतकऱ्यास हें समजावयास कठीण जाऊं नये. रब्बीची ज्वारी पेरावयाची तर वाफसा साधावा लागतो. बी उत्तम आहे, बैल दांडगे आहेत, पण वाफसा गेला तर पेरणी हुकली. परवान्याच्या अर्जाचें तसेंच आहे. गुणवान मुलगा अर्जाची तारीख चुकवून बसला तर त्याचे गुण त्या वेळीं कामास येत नाहींत.

दुसरें घड्याळ बँकेचें. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाची फेड साधारणपणें अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानें सुरू होते, आणि साडेसात लाखांवरील कर्जास बहुधा तारण द्यावें लागतें. आतां हिशेब करून पाहा. ज्या मुलाचा परवाना बाराच महिन्यांचा, त्याचा परवाना संपावयास आणि बापाच्या दारीं पहिला हप्ता येऊन उभा राहावयास एकच गांठ पडते. हीं दोन घड्याळें निघण्यापूर्वीं शेजारीं ठेवून पाहिलीं नाहींत, तर त्याचा भार शेवटीं शेतावर पडतो.

तेव्हां पालकांनीं चार प्रश्न आधीं विचारावे. हा अभ्यासक्रम परवान्यास पात्र आहे काय? परवाना किती महिन्यांचा? अर्ज केव्हां व कोठून करावयाचा? आणि नोकरी न मिळतां मुलगा परतला, तर कर्ज कशांतून फिटेल? उत्तरें दलालाच्या तोंडून घेऊं नयेत. त्या त्या सरकारच्या खात्याचे नियम स्वतः वाचावे, आणि निघतांना पुन्हां एकदां वाचावे, कारण ते बदलतात.

विद्यार्थिमित्रहो, हें वाचून कोणी पाऊल मागें घ्यावें असा आमचा हेतु नाहीं. जावें, मन लावून शिकावें. मात्र वडिलांनीं कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं तो कागद तुम्हीं त्यांस वाचून दाखवावा. घरांत इंग्रजी वाचणारे पुष्कळदां तुम्हीच असतां. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरास व्हावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.